तळीतला गाळ आणि एक ‘बघू’

शहाऐंशीचा ऑक्टोबर. परतीची सर नुकतीच थांबली होती आणि उमाच्या बाबांच्या आंबाबागेतल्या तळीत एक अनोळखी तरुण गुडघाभर गाळात उभा राहून प्लास्टिकचा पाइप खाली दाबत होता.

“कोण हो तुम्ही? बाबांना बोलावत्ये हां.”

“त्यांना विचारूनच उतरलो जी,” असं म्हणत त्याने पाइप उपसला. पाय वर आला, बूट मात्र आतच राहिला. उमाला हसू आवरेना.

भास्कर नागपूरचा. सरकारी भूशास्त्रज्ञ, कातळाच्या पाहणीसाठी पालीला खोली घेऊन राहिलेला. पुढच्याच महिन्यात गोव्याहून जहाजाने अंटार्क्टिकाला निघायचं होतं, तिथल्या तळ्यांच्या तळचा गाळ काढायला. त्याचा सराव इथे चालला होता.

“गाळासाठी इतक्या लांब? इथलाच न्या की. फुकट देत्ये.”

“इथला गाळ मालकिणीसारखाच, दर पावसाळ्यात भरभरून बोलतो. तिथे वीतभर साठायला हजारो वर्षं लागतात.”

त्याने पाइप उभा चिरला. “खाली जुनं, वर नवं. तिथलं तळं उन्हाळ्यात वितळलं, की पाण्यात शेवाळं वाढतं आणि तळाशी बसतं. हिरवा थर सापडला, म्हणजे तेव्हा ऊब होती. नुसती करडी वाळू असली, की गारठा.”

तो गाळाकडे बघत बोलत होता आणि ती त्याच्या कानाला लागलेल्या चिखलाकडे बघत होती. पुसावा का… नकोच.

सराव मग महिनाभर चालला. इतका सराव लागत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

एकदा कोल्हापूरचा दलाल बाग मागायला आला. बाबा म्हणाले, “बघू.” दलाल मान हलवून गेला.

“म्हणजे देणार ना?” भास्करने विचारलं.

“छे हो! आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही. तोंडावर नाही कोण म्हणणार?” उमाने त्याला समजावलं.

निघायच्या आदल्या दिवशी तळीच्या काठावर त्याने तिला पहिल्यांदा ‘तू’ म्हटलं. “उमा… परत आलो की माझ्याशी लग्न करशील?”

होकार तिच्या ओठांवर कधीचा तयार होता. पण असा लगेच देऊन टाकायचा? ती लाजली, पाण्याकडे बघत हसली आणि म्हणाली, “बघू…”

“बरं,” एवढंच म्हणून त्याने पाइप उचलला. हाही लाजला वाटतं, असं तिला वाटलं. वेडी कुठली!

तो आला तेव्हा घरात आंब्यांची अढी लागली होती. तळीवर त्याने तिच्या हातात काचेची छोटी नळी ठेवली. आत करड्या वाळूवर बोटभर हिरवट थर.

“आडवी करू नकोस, मिसळेल,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “परवा… साखरपुडा झाला माझा. आईने मुलगी बघून ठेवली होती.”

“आणि मला विचारलं होतंत ते?”

“तू ‘बघू’ म्हणालीस ना. तूच तर शिकवलं होतंस.”

“अहो, ते बाबांचं ‘बघू’… माझं नव्हतं ते.”

तो तिथेच काठावर बसला. उमाला रडू येत होतं, आणि स्वतःचा भयंकर रागही. नागपुरात कुणीतरी नवी अंगठी घालून याची वाट बघत असेल, तिचा यात काय दोष? नळी तिने तेवढी सरळ धरून ठेवली.

शेवटी तो उठला. “लग्नाला येशील?”

“बघू,” उमा म्हणाली.

या वेळी त्याला अर्थ बरोबर कळला.