नामाचं फावडं

मोबाईल खाली ठेव, भाविका. आकाश, तूही. वीज गेलीय आणि जनरेटरमध्ये डिझेल नाही. आपल्या सोसायटीच्या कमिटीला जनरेटरपेक्षा कारंजं महत्त्वाचं वाटतं, तेव्हा तासभर इथेच बसावं लागणार. खाडीकडे तोंड करा. ते निळे दिवे दिसतात ना? त्या दिव्यांनी ती लग्नाच्या हॉलसारखी दिसते, पण आहे ती आगबोट. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच चाकं, पोटात कोळशाची भट्टी. शंभर वर्षं जुनी. आमच्या गावात तिला गोजरा म्हणायचे. या लोकांनी नाव ठेवलं 'रॉयल पॅडल'.

हे लोक म्हणजे हितेश शेठ आणि त्याचा हेरिटेज ट्रस्ट. 'वारसा जपतो' म्हणून मिरवतात. काय जपलं? चाकांना सोनेरी रंग फासला आणि वर बुफे मांडला. बॉयलर बोटीच्या कुठल्या टोकाला आहे, हे त्यातल्या एकालाही सांगता येणार नाही. बोट चालती केली ती आमच्या गावच्या नामा आगवाल्याने. तीन वर्षं त्या बॉयलरच्या पोटात शिरून एकेक नळी खरवडली त्याने. जेट्टीवरच्या संगमरवरी पाटीवर सोळा नावं आहेत. नामाचं नाही.

आगवाल्यांची, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणाऱ्यांची, एक रीत असते, ती ऐकून ठेवा. पाळी संपली तरी फावडं खाली ठेवायचं नाही, भिंतीला टेकवायचं नाही. बदलीवाला येतो, त्याच्या हातात द्यायचं. त्याने घेतलं की तुमची पाळी संपली. तोवर आग तुमची. आणि भट्टीचं दार उघडण्याआधी फावडं खालच्या पत्र्यावर दोनदा आपटायचं, म्हणजे शेजारचा बाजूला होतो. टण्... टण्.

तर बोटीची चाचणी चालू असताना एका रात्री नामाचा बदलीवाला आलाच नाही. हळदीला गेला होता. आपल्याकडची हळद तुम्हाला माहीत आहे. डीजे लागला की माणूस बापाला ओळखत नाही. नामाच्या छातीत दुखत होतं, पण आग सोडून जाणार कसा? सकाळी तो भट्टीसमोर बसलेला सापडला. बसल्या बसल्या गेलेला. फावडं मुठीतच. एकेक बोट उलगडून सोडवावं लागलं.

हितेश शेठने त्या फावड्याचं काय केलं? दांड्याला वॉर्निश मारलं आणि वर बुफेशेजारी काचेच्या पेटीत टांगलं. खाली पाटी, 'अँटिक'. लोक एका हातात पनीर टिक्का धरून त्याच्यासोबत सेल्फी काढतात. थू!

नामाच्या जागी माझा भाचा रूपेश लागला. नामानेच शिकवलेला. गेल्या जानेवारीतला शेवटचा शनिवार. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बोटीची पहिली फेरी होती. पाहुणे, शाळेची चाळीस मुलं, आणि रूपेशची बायको प्रिया, तिच्या कडेवर चार वर्षांची ईश्वरी. स्टाफच्या घरच्यांनाही आमंत्रण होतं. फोटोत थोडे गरीब लागतात ना.

रात्रभर आग धरून ठेवायची, म्हणून रूपेश साडेदहाला डबा घेऊन बोटीवर गेला. वर शेठची पार्टी चालली होती. ड्रोनच्या व्हिडिओत धूर दिसावा म्हणून शेठने भट्टीत जादा कोळसा टाकायला लावला. मग प्रेशर वाढलं आणि सेफ्टी वॉल्व्हमधून वाफ सुटायला लागली. त्या आवाजाने साहेबांचं गाणं बिघडलं.

"ए रूपेश, वो सीटी बंद कर ना यार."

"शेट, ती सीटी नाय हाय. वाफ सुटाया पायजे. नाय सुटली तं बॉयलर फुटंल."

"टेन्शन नको देऊ. सकाळी चालू कर परत."

शेठच्या ड्रायव्हरने वॉल्व्हवर तार आवळून टाकली. आणि रूपेश गप्प बसला. नोकरी जाईल म्हणून. आपण जागे आहोत, काट्यावर लक्ष ठेवू, असं त्याने स्वतःला समजावलं. शेपूट घालणारा नेहमी असंच समजावतो. बाराला पार्टी संपली, गाड्या गेल्या. रूपेशने डबा खाल्ला. भट्टीची ऊब होती. डोळा लागला.

एक वाजून वीस मिनिटं.

टण्... टण्.

रूपेश दचकून उठला. दिवे गेलेले. भट्टीच्या उजेडात प्रेशरचा काटा दिसला. लाल रेघेच्या पार पलीकडे. थरथरत होता.

भट्टीचं दार उघडं होतं. त्याने उघडलं नव्हतं.

"कोन हाय?"

...

निखारे बाहेर येत होते. फावड्या-फावड्याने. पत्र्यावर पडत होते. फावडं दिसत नव्हतं. धरणारा दिसत नव्हता. नुसता लोखंड घासल्याचा आवाज... आणि धाप. म्हाताऱ्या माणसाची.

वर तार तुटली. अडकलेली वाफ सुटली. बराच वेळ सुटत राहिली.

मग शांत.

भट्टी रिकामी. निखारे विझत चाललेले. अंधार...

रूपेशच्या छातीला काहीतरी टेकलं. गोल. लाकडी. गरम.

दांडा.

कोणीतरी फावडं पुढे धरलं होतं.

रीत त्याला माहीत होती. हात पुढे करायचा... घ्यायचं... बस.

"नामादादा..."

...

तो पळाला.

सकाळी फेरी रद्द झाली. बॉयलर थंड, पत्र्यावर राखेचा ढीग. वर काचेच्या पेटीचं कुलूप जसंच्या तसं. आत फावडं. पात्याला राख, दांड्याच्या वॉर्निशला फोड. शेठने काय करावं? आग विझवली म्हणून रूपेशला हाकललं, आणि फावड्याला पुन्हा वॉर्निश मारायला पेंटर बोलावला. आपण चाळीस पोरं मारणार होतो, हे त्या गाढवाला आजही कळलेलं नाही.

रूपेश आता तुर्भ्याला गोदामात आहे. त्या शनिवारच्या रात्री तो जेट्टीवरून थेट माझ्याकडे आला होता. दारातच उभा राहिला. म्हणाला, "मी नाय घेतलं, मामा. पाळी तुझी व्हती."

हो, आकाश. मघापासून मी सगळ्यांना नावं ठेवतोय. शेठ मूर्ख, रूपेश भित्रा. पण तो बदलीवाला कोण, हे तुम्ही विचारलं नाही. कारखान्यात बॉयलरवर तीस वर्षं काढलेला माणूस तो. रिटायर झाल्यावर नामानेच त्याला बोटीवर घेतला. त्या रात्री पुतणीच्या हळदीत नाचत होता. नामाचा फोन तीनदा आला. तिन्ही वेळा कापला.

मी कापला.

वर या कधीतरी, नवव्या मजल्यावर. माझ्या दारावर, बाहेरच्या बाजूने, छातीच्या उंचीला एक डाग आहे. गोल, काळा, दांड्याच्या टोकाएवढा. रोज रात्री पुसून झोपतो. सकाळी पुन्हा असतो. हात लावला तर... गरम.