बाबांचा सोडा

आमच्या गल्लीला उतार आहे हे मला लहानपणापासून ठाऊक. बाबांच्या जुन्या पिकअपला मात्र ते त्या सकाळी कळलं. मी ब्रेक दाबला, पाय थेट तळाला गेला आणि गाडी डुलत डुलत समोरच्या फाटकाला जाऊन टेकली. फाटकामागे नवा भाडेकरू ओला सदरा पिळत उभा होता. शाळेत गणित शिकवतो, एवढंच ऐकून होते.

"कडी नुसती लोटलेली होती," तो शांतपणे म्हणाला. "हाक मारली असती तरी चाललं असतं."

चूक माझी असली की मला आधी राग येतो, मग हसू. त्या दिवशी उलटं झालं.

बाबांनी लगेच निकाल देऊन टाकला. संध्याकाळपर्यंत ब्रेक लागले तर गाडी तुझी, नाहीतर उद्या भंगारात. माझी रोपवाटिका नुकती कुठे मूळ धरत होती, आणि उद्यापासून रोपं घरोघर पोचवायची होती. ती काय डोक्यावरून नेणार?

ब्रेकची कुजलेली नळी मी दुपारपर्यंत बदलली. आता आत शिरलेली हवा काढायची, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकामागचा स्क्रू सैल करून हवा बाहेर काढायची, स्क्रू पुन्हा आवळायचा, आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. बाबांचा गुडघा दुखरा. समोरचे मास्तर स्वतःहून आले, म्हणाले, बसून करायचं काम असेल तर मला जमेल.

"मी 'सोडा' म्हणेपर्यंत पाय हलवायचा नाही," मी बजावलं.

तीन चाकं छान झाली. मी खालून हुकूम सोडत होते, आणि बाजूच्या आरशात त्याचे डोळे... आरसा गाडी मागे घेण्यासाठी असतो, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

चौथ्या चाकाचा स्क्रू सैल केला आणि नेमकी स्वयंपाकघरातून बाबांची हाक आली. दूध करपलं होतं, भांडं घासायचं होतं.

"सोडा कुठे आहे गं?"

मास्तरांनी आज्ञाधारकपणे पाय उचलला. स्क्रूला जोडलेल्या पारदर्शक नळीतले बुडबुडे उलटे धावत आत गेले. बाटलीत ब्रेक ऑइल उरलं होतं जेमतेम एका खेपेचं.

मी गाडीखालून तणतणत बाहेर आले. त्याचा चेहरा पडला होता. "सोडा म्हणालात ना?"

"बाबा म्हणाले. भांड्यांचा सोडा!"

मग दोघंही इतके हसलो की मला पाना खाली ठेवावा लागला.

"चूक माझी नाही, आदराची आहे," तो डोळे पुसत म्हणाला. "मला... अरे-तुरे केलंत, तर घोटाळा होणार नाही."

मी पुन्हा खाली शिरले. गाडीखाली लाजायची एक सोय असते, कुणाला दिसत नाही.

"दाब," मी म्हटलं. मग हळूच, "धर."

"धरलंय... तू सांगशील तोवर."

स्क्रू आवळला. "सोड," म्हणताना माझाच आवाज मला अनोळखी वाटला. पेडल दगडासारखं घट्ट लागलं.

संध्याकाळी त्याला शेजारी बसवून मी गाडी उतारावर घातली. बाबा खाली उभे होते. ब्रेक दाबला. गाडी त्यांच्यापासून हातभर अलीकडे निमूट थांबली. त्यांनी बॉनेटवर थाप मारली. "गाडी तुझी." मग खिडकीत वाकून, "आणि स्वयंपाकघरात ऐकलं मी, मास्तरांना अरे-तुरे कधीपासून?"

"चौथ्या चाकापासून," मी म्हटलं.

बाबा मिशीतल्या मिशीत हसत आत गेले. गिअरवरच्या माझ्या काळ्याकुट्ट हातावर त्याने हात ठेवला.

"मी गाडीसाठी आलोच नव्हतो," तो म्हणाला. "तू आवडलीस... फाटकाला टेकलीस तेव्हाच." मग हाताकडे बघत, "सोडू?"

"मी म्हणेपर्यंत हलवायचा नाही," मी म्हटलं.