खरं पंक्चर

सुस्कारा टाकावा तशी चाकातली हवा निघून गेली, आणि ती कालव्याकाठच्या रस्त्यावर सायकल धरून उभी राहिली. ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं शिवायची, चिकटवायची हे तिचं रोजचं काम. पण स्वतःच्या सायकलसाठी जवळ ना पंप, ना ठिगळ.

"मदत करू?" मागून येणारा सायकलवाला थांबला होता. पुलांची तपासणी करणारा इंजिनियर आहे, हे तिला नंतर कळलं.

त्यानं ट्यूब काढून कानाशी धरली. "ऐका... इथून बोलतेय."

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, बाई भलत्याच बिनधास्त आहेत!"

ती हसली. पण त्यानं ठिगळाला भसाभस सोल्यूशन फासलं, तेव्हा मात्र तिला राहवेना. "अहो, इतकं नाही! पातळ थर द्या, वाळू द्या, मग दाबा. दिवसभर हेच तर करते मी."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही छान दिसत होतात—" ती थबकली. "म्हणजे... काम करताना."

आठवड्याभरात पुन्हा तोच रस्ता, पुन्हा पंक्चर, पुन्हा तोच. या वेळी त्यानं तिला सगळं शिकवलं आणि एक पिशवीच हातात ठेवली. पंप, ठिगळं, सोल्यूशन. "आता दहा मिनिटांत तुमचं तुम्हीच काढाल. माझी सुटका!"

तो थट्टेत म्हणाला, पण तिला ते लागलं. पिशवी घरच्या कपाटात गेली. आणि मग दर गुरुवारी वळणाअलीकडे उतरून ती स्वतःच हवा सोडू लागली... तो पंप घेऊन येईपर्यंत कालव्याकडे बघत उभी राहायची, आणि तो आला की म्हणायची, "पिशवी आजही घरीच राहिली."

"तुझ्या सायकलला बरा गुरुवारच सापडतो गं?" वहिनी विचारायची.

"रस्ताच खराब आहे."

"हो, हो. रस्ताच!"

एका गुरुवारी हवा भरून झाली तरी तो उठला नाही. "दूरच्या बंदरावर पूल बांधतायत. तीन वर्षांचं काम. उद्या दुपारी सही करायची आहे... कुणी राहा म्हटलं तर राहीन." त्यानं वर पाहिलंच नाही. "सकाळी साडेआठची बस आहे. स्टँडवर याल? नाही आलात तर... समजेन मी."

सकाळी ती वेळेच्या बरीच आधी निघाली. "राहा ना," एवढंच तर म्हणायचं होतं. रस्ताभर तेच घोकत होती. अर्ध्या वाटेत चाक बसलं. काटा. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सायकल ढकलत ती धावली, धाप लागली, शेवटी फोन लावला.

"अहो, मी निघालेय, पण वाटेत पंक्चर..."

पलीकडे बसची घरघर. "आज तरी पिशवी आहे ना? दहा मिनिटांचं काम."

"ती... घरी आहे."

"असू दे." त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "नाही म्हणायला पंक्चर कशाला हवं? रागावणार नाही मी."

"अहो, तसं नाही—" घोकलेले दोन शब्द म्हणायच्या आतच फोन कट झाला. मग लागलाच नाही.

संध्याकाळी त्याचाच आला. "सही झाली. आता मागे फिरता येत नाही. सांगावं म्हटलं."

"पंक्चर खरं होतं." आणि मग एका दमात तिनं सगळं सांगून टाकलं. सोडलेली हवा, कपाटातली पिशवी. "ती जवळ असती तर तुम्ही थांबला नसतात. मला तुम्ही थांबायला हवे होतात... तेच सांगायला येत होते."

त्यानं भलतंच विचारलं.

"माझं ऑफिस कुठे आहे, माहितीये?"

"वळणाच्या पुढे ना?"

"गावाच्या दुसऱ्या टोकाला. पहिल्या दिवशी पूल बघायला आलो होतो, तेवढंच. नंतर रोज नुसताच यायचो त्या रस्त्यानं... पंक्चर नसतं तरी थांबलो असतो, अगं."

पहिल्यांदाच तो तिला अगं म्हणाला होता. फोन कुणीच ठेवला नाही.