सडक्या कांद्यांची विहीर

"ए धने, परत विझली!" इम्रान विहिरीच्या कठड्यावरून ओरडला.

दिवाळीच्या सुट्टीत धनश्री काष्टीला काकांच्या मळ्यावर आली होती. शेजारच्या इम्रानबरोबर ती कोरड्या विहिरीत पडलेला चेंडू शोधत होती. उजेडासाठी दोघांनी डब्यात पणती ठेवून दोरीनं सोडली, तर ती निम्म्यावर गेली की विझायची! वारा तर नावालाही नव्हता.

"सरका बाजूला!" सहादेवकाका कमरेला दोर बांधत आले. तळाशी पडलेली पाण्याची जुनी मोटार त्यांना वर काढायची होती. याच विहिरीत त्यांनी पावसाळाभर साठवणीच्या चाळीतला सडका कांदा ओतला होता.

"काका, नका उतरू!" धनश्री ओरडली. "पणतीसुद्धा विझतेय! कांदा सडून खाली कार्बन डायऑक्साइड साठलाय. तो हवेपेक्षा जड असतो. गुदमराल!"

"अगं, कांद्याचा वास हाय तो! नाकाला उपरणं बांधलं की झालं. जन्म गेला माझा कांद्यात!"

"त्या वायूला वासच नसतो!" धनश्री रडायच्या बेतात होती. "तुमची चुन्याची डबी द्या. त्या वायूनं चुन्याचं नितळ पाणी पांढरं होतं. थोडं थांबा, माझी शपथ आहे!"

शपथ म्हटल्यावर काका थबकले. धनश्रीनं चुना पाण्यात ढवळला. गाळ बसल्यावर इम्राननं वरचं नितळ पाणी दोन वाट्यांत ओतलं. एक वाटी डब्यात ठेवून खाली सोडली, दोरी हळूहळू हलवत ठेवली आणि मग वर ओढली.

पाणी दुधासारखं पांढरं!

"हात्तिच्या! चुना पांढराच असतोय की!" काका हसले.

"मग ही का नाही झाली?" इम्राननं कठड्यावरची दुसरी वाटी पुढे केली. तिच्यातलं पाणी अजून नितळ होतं!

काकांचं हसू मावळलं. त्यांनी वाकून दोन्ही वाट्या पाहिल्या, कमरेचा दोर सोडला आणि बाजूला टाकला.

"आयला! मी तर उतरलोच असतो..."

आवाज ऐकून पुष्पावतीकाकू धावत आल्या. इम्राननं सगळं सांगितलं.

"शाबास रं पोरांनो!" काका म्हणाले. "गावात कुनाचीबी मोटार पडली की मलाच बोलवत्यात. आता ह्या पोरांनी पारखल्याबिगर मी कुठल्याच विहिरीत पाय टाकनार न्हाई!"

काकूंनी दोघांना पोटाशी धरलं.

"लई गुणाची लेकरं माझी! आज माझं कुंकू राखलंत!" म्हणत त्या ढसाढसा रडू लागल्या.