करपलेल्या रोपांचा आळ

शेतांत खत-चुना फेकणारा ठेकेदार, गावातली कोडी सोडवणाऱ्या वहिनींच्या घरी, खुर्चीच्या टोकावर बसला होता. कपड्यांवरची पांढरी भुकटी फरशीवर सांडत होती.

"गुलाबवाल्या बाईंच्या शेजारच्या शेतात मी चुना फेकला आणि रातोरात त्यांचं पॉलिहाउस करपलं," तो म्हणाला. "माझ्याच चुन्यानं, असं गावभर झालंय. आता मला कुणी बांधावर उभं करत नाही."

वहिनींनी चष्मा पुसला. "चला भाऊजी."

भाऊजी, म्हणजे त्यांचे धाकटे दीर, मागोमाग निघाले. त्यांना ठेकेदाराचाच संशय होता. खोटी माणसंच अशी घाम पुसत बोलतात, असं त्यांचं मत होतं.

शेत आणि पॉलिहाउस यांच्यामध्ये टोमॅटोचा वाफा होता, हिरवागार. पानांवर पांढरा ठिपकाही नव्हता. आत मात्र सगळी गुलाबाची रोपं करपली होती. कोपऱ्यातल्या पिंपाजवळची तर कोळसा झालेली, पलीकडच्या टोकाला नुसत्या पानांच्या कडा जळलेल्या. बाकीची पिंपं मातीनं बरबटलेली, हे एकच आतून लख्ख घासलेलं. वरच्या पितळी नळावर निळसर थर चढला होता.

मालकीणबाईंचे डोळे सुजले होते. "पहाटे दार उघडलं तर नाक झोंबलं, डोळ्यांतून पाणी. दोन्ही दारं सताड उघडी टाकली. दुपारपर्यंत वासाचं नावही उरलं नाही. वासाचं कुणाला सांगत बसू? रोपंच गेली."

माळ्याच्या तळहातांना भेगा पडल्या होत्या. भाऊजींनी वहिनींना कोपरानं ढोसलं.

"झाडांच्या बुंध्यांना चुना लावत होतो," माळी गुरगुरला. "बाई रोज ओरडतात, म्हणून मी रोपं मारीन होय?"

बाहेर कुंपणालगत बुंधे खरंच ताजे पांढरे होते.

शेवटी बाईंचा धाकटा भाऊ आला. आईबापांमागं बाईंनीच त्याला वाढवलेलं.

"मी बाहेरगावी होतो. दुपारी परतलो. आत तर पाऊलही टाकलं नाही," तो म्हणाला. "त्या उग्र वासानं अजून डोकं ठणकतंय. ठेकेदाराला सोडू नका."

संध्याकाळी वहिनींनी सगळ्यांना पॉलिहाउसमध्येच बोलावलं.

"चुना वाऱ्यानं आला असता, तर आधी टोमॅटो पांढरे झाले असते," त्या म्हणाल्या. "आणि चुन्याला कसला आलाय झोंबरा वास? पण चुना, अमोनियाचं खत आणि पाणी एकत्र केलं, की जो वायू सुटतो तो नाक जाळतो, पानं जाळतो आणि पितळ निळं करतो. हे मिश्रण त्या पिंपात झालं. म्हणून तिथलीच रोपं सगळ्यात काळी. आणि म्हणूनच ते घासलं गेलं."

"माळी," भाऊजी पुटपुटले.

"माळी तर वासाचं बोललाच नाही, भाऊजी. बाईंनीही कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारी वास उरलाही नव्हता. मग दुपारी परतलेल्या आणि आत न गेलेल्या माणसाचं डोकं कशानं ठणकतंय?"

सगळ्यांनी धाकट्या भावाकडं पाहिलं. ठेकेदार एक पाऊल पुढं सरकला. वहिनींनी हात आडवा धरला.

"रात्रीच गुपचूप आलो होतो. शेताच्या कडेला चुन्याचा ढीग उघडाच होता, खत घरचंच," भाऊ हळू म्हणाला. "रोपं नसली तर ताई मला जाऊ देईल, असं वाटलं. मला ही फुलशेती करायची नव्हती. जन्मभर हेच करायचं नव्हतं."

बाईंनी एक काळी फांदी उचलली.

"एकदा सांगायचंस तरी."

"सांगितलं होतं, ताई. तू पाणी घालत होतीस. म्हणालीस, जरा पाइप धर."

बाईंनी फांदी खाली ठेवली. मग ठेकेदारापुढं हात जोडले. "उद्या माझ्याबरोबर गावातून चला. प्रत्येक दारात मी स्वतः सांगेन."

"आणि हा?" ठेकेदारानं भावाकडं बोट केलं.

"तोही येईल," बाई म्हणाल्या. "त्यानंतर त्याला जायचं तिकडं जाऊ दे."