सर्व्हरचं सीमोल्लंघन

इंदूरहून देवासला निघालेल्या बसमध्ये वल्लरीशेजारी एक तरुण येऊन बसला, मांडीवर भला मोठा लोखंडी डबा सांभाळत.

"ओ भिया, खाली ठेवा ना… की बाळ झोपलंय त्यात?"

"सर्व्हर आहे. आणि… भिया म्हणून भाऊ नका करू. श्रेयस."

खिडकीबाहेर सोयाबीनची ओली शेतं पळत होती. दोन हजार आठ साल. वल्लरी धारच्या मराठी वाचनालयाचं संकेतस्थळ बनवत होती, पण पुस्तकांची माहिती ठेवायची कुठे, हे काही सुचत नव्हतं. तिनं ते श्रेयसला बोलून दाखवलं.

"पंगत पाहिलीत ना?" श्रेयस म्हणाला. "पाहुणा पानावरून मागतो, वाढपी स्वयंपाकघरातून आणून देतो. तुमचं संकेतस्थळ म्हणजे पंगत, हा डबा म्हणजे स्वयंपाकघर."

"आणि वाढपी?"

"तो… आपण दोघं मिळून लिहू."

डबा देवासला श्रेयसच्या घरी लागला. वाढपी मात्र फोनवरच घडत गेला.

"पुस्तक नसेल तर तोंडावर 'नाही' म्हणू नकोस रे. 'कुणीतरी नेलंय, परत येईल' असं सांग," ती बजावायची. तो हसायचा… आणि त्या हसण्यासाठीच ती नवी चूक शोधून काढायची.

दसऱ्याच्या दुपारी वाचनालयात सगळं समितीला दाखवायचं होतं. पसंत पडलं तर वल्लरीला धारमध्येच काम. नाहीतर काकांनी पुण्यात नोकरी पाहून ठेवलीच होती. श्रेयस मुद्दाम देवासहून धारला आला. तिनं पुस्तकाचं नाव टाकलं.

पान पांढरंच राहिलं.

अध्यक्ष गोपाळराव घड्याळ पाहू लागले. श्रेयसनं घाईघाईनं मोबाईल टेबलावर ठेवून स्पीकरवर घरी फोन लावला. "आई, सर्व्हर बंद कसा?"

"मीच केला," उमाबाईंचा शांत आवाज आला. "शस्त्रपूजेत तोही मांडला. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. सीमोल्लंघन झाल्याशिवाय हत्यार चालवायचं नसतं."

"मी देवासची वेस ओलांडून आलोय की!"

"नुसतं भटकणं म्हणजे सीमोल्लंघन नव्हे. मोहिमेवर निघावं लागतं. तुझी कसली मोहीम?"

श्रेयसनं वल्लरीकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"वल्लरीला… पुण्याला जाऊ द्यायचं नाही. कधीच."

फोनमधून उमाबाईंचं हसू ऐकू आलं.

"अरे, मग आधी नाही का सांगायचं! बटण कोणतं ते बोल."

थोड्या वेळानं पांढऱ्या पानावर पुस्तकांची नावं एकेक करून उमटू लागली. "वा!" गोपाळराव खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "पोरी, पुण्याला नाही म्हणून कळवून टाक."

वल्लरीनं आपट्याचं पान पुढे केलं. "सोनं घे… भिया."

"अजून भिया?"

"नाही," ती म्हणाली, आणि पान त्याच्या तळहातावर ठेवून आपला हात काढायलाच विसरली.