साक्षदिव्यापुढचं तीर्थ

तालुक्याच्या कचेरीत आता शपथेला पोथी लागत नव्हती. साक्षदिवा होता. काचेच्या पाटीवर तळवा ठेवायचा. घाम, नाडी, कातडीचा ताण वाचून दिवा मनाची टोचणी ओळखायचा. टोचणी असली की तांबडा, नसली की हिरवा. वकील नको, पुरावा नको. सरकारला वाटलं, खोटं एकदाचं गाडलं.

हौसाक्काच्या सुनेने, अंगणवाडीच्या शैलाने, तळवा ठेवला. वाडीच्या नव्या टाकीत गटाराचं पाणी झिरपतं, ते पिऊन पोरं अंथरुणाला खिळली, एवढंच ती बोलली. दिवा तांबडाभडक झाला. होणारच. ते पाणी तिनेच पोरांच्या पेल्यांत ओतलं होतं. तिला टोचणार नाही तर काय दगडाला टोचेल?

मग सरपंच भगवंतराव आला, कपाळाला ताजं गंध लावून. टाकीचं सिमेंट त्याने देवळाच्या कळसाला वळवलेलं अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. टाकी चोख आहे, म्हणाला. दिवा हिरवागार. सकाळीच अभिषेक घालून पाप धुऊन आलेला गडी, टोचणी उरणार कुठे?

कचेरीच्या साहेबांनी निकाल सांगितला. साक्ष खोटी, शैलाची नोकरी गेली. शैला खाली मान घालून उभी.

सुनेच्या मागे उभ्या हौसाक्काने पदर खोचला. पिशवीतून बाटली काढली, टाकीच्याच पाण्याची, साहेबांना दाखवायला आणलेली.

"भगवंता, डावा हात ठेव दिव्यावर. उजवा पुढं कर. देवाचं काम केलंस ना? मग घे ह्या टाकीचं तीर्थ."

चारचौघांत तीर्थाला नाही कसं म्हणणार? त्याने तळहाताची वाटी केली. हौसाक्काने पाणी ओतलं. हात ओठांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. दिवा तांबडा झाला.

"पोरांसाठी हिरवा," हौसाक्का म्हणाली, "आणि स्वतःच्या नरड्यासाठी तांबडा. मेल्या, देव तुझ्या घरी पाणी भरतो व्हय?"

मागे कोणी तरी फिस्सकन हसलं. साहेब घसा साफ करून म्हणाले, साक्ष उजव्या हाताचीच धरतात, हे नोंदीत घेता येणार नाही. निकाल कायम.

हौसाक्काने पाटी पदराने पुसली आणि साहेबांपुढे सरकवली.

"ऱ्हाऊ दे कायम. न्याव झाला, एवढंच पुन्हा एकदा म्हणा साहेब. उजवा हात हितं ठेवून म्हणाल का?"

साहेबांचा हात टेबलावरून हळूच मांडीवर गेला.